चाळिसाव्या ओळीनंतर

१

मंगळवेढ्याहून आलेल्या पोस्टकार्डावर जेमतेम पाच ओळी होत्या. 'मला सहाशेपैकी पाचशे एकोणीस गुण आहेत. आमच्याच शाळेतली चारशे गुणांची मुलगी परिचारिकांच्या यादीत आहे, मी नाही. प्रशिक्षण सोमवारी सुरू होते. माझे काय चुकले ते कृपया कळवावे.' खाली सही होती, चन्नम्मा सिद्धप्पा बिराजदार.

कोंडीबा नलवड्यांनी कार्ड वाचलं, खिशात घातलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या बूट सैल केले. ते निवड मंडळाचे चौकशी अधिकारी. निवृत्तीला तीन महिने उरले होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली होती. माणसं खोटं बोलली की पूर्वी त्यांना राग यायचा. आता फक्त पाय दुखायचे.

सन चौऱ्याहत्तरच्या त्या वर्षी मंडळानं पहिल्यांदाच यादी कॉम्प्युटरवर काढली होती. कॉम्प्युटर मंडळाचा नव्हे, सोलापुरातल्या एका गिरणीचा, भाड्यानं घेतलेला. जागा साठ होत्या आणि यादीत नावं आली चाळीस. उरलेल्या वीस जागांसाठी शिफारशींच्या चिठ्ठ्याही यायला लागल्या होत्या. मंडळाचे हेडक्लार्क हिंदुराव त्या चिठ्ठ्या टाचणीनं एकत्र लावून ठेवत होते. चन्नम्माचं कार्ड आलं नसतं तर कुणालाच काही वाटलं नसतं.

"साहेब, चोर सापडलाय की," हिंदुराव गिरणीच्या फाटकातच म्हणाले. "तुमी फक्त सही करायची. शनिवारी रिपोर्ट, सोमवारी पोलीस."

"कोण चोर?"

"पंचिंगवाली बाई. सकू. शहाणीनं आपलं नावच लिहून ठेवलंय मशीनीत."

नलवडे थांबले. एकतीस वर्षांत गुन्ह्याखाली सही करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

२

कॉम्प्युटरची खोली थंडगार होती. बाहेर सोलापूर भाजत होतं आणि आत माणसं स्वेटर घालून बसली होती. प्रोग्राम लिहिणारा गुरुलिंग हा पुण्याला शिकून आलेला, पंचविशीतला, बोलायला नीटनेटका तरुण. त्यानं टेबलावर कार्डांचा एक गठ्ठा ठेवला. पोस्टकार्डाहून थोडी लांब, जाड कागदाची कार्डं, प्रत्येकात बारीक चौकोनी भोकं आणि वरच्या कडेला त्या भोकांची इंग्रजी अक्षरं छापलेली.

"साहेब, एका कार्डावर एक हुकूम. मशीन वरून खाली एकेक कार्ड वाचतं आणि सांगितलं तेवढंच करतं. पत्र आल्यावर मी गठ्ठा तपासला, तर ही दोन कार्डं माझी नाहीत."

"मला इंग्रजी फायलीपुरतं येतं," नलवडे म्हणाले. "हे मला पहिल्या यत्तेतल्या पोरासारखं शिकवा."

गुरुलिंगनं सगळ्या कार्डांचा छापील कागद त्यांच्यापुढे उलगडला आणि बोट ठेवून एकेक ओळ सांगू लागला. इथं मुलीचं कार्ड वाचायचं. इथं गुण साडेतीनशेहून कमी असतील तर सोडून द्यायचं. इथं नाव छापायचं, इथं ओळींच्या मोजणीत एक वाढवायचा. मग पुन्हा वर जाऊन पुढची मुलगी, अर्जाच्या नंबराप्रमाणे. अशी वर-खाली जायची जी ठिकाणं आहेत, त्यांना नावं दिलेली असतात.

"कोण देतं नावं?"

"लिहिणारा. मशीनला त्याचं काही नाही. गणपती ठेवा नाहीतर बटाटा ठेवा. नाव असतं ते माणसाला कळावं म्हणून."

नलवड्यांनी लाल पेन्सिलीनं ते वाक्य कागदाच्या कडेला लिहून घेतलं. मग त्या दोन परक्या ओळी पाहिल्या. पहिली म्हणत होती की ओळींची मोजणी चाळीस झाली, तर एका ठिकाणी जा. दुसरी त्या ठिकाणाचं नाव होती. नाव चार अक्षरांचं होतं, एस, ए, के, यू.

"सकू," गुरुलिंग हळू आवाजात म्हणाला. तो ओशाळला होता. "ती इथून दहा फुटांवर बसते. तिच्या नणंदेची मुलगीसुद्धा राहिलेल्यांत आहे आणि त्या घराशी त्यांचं बोलणं नाही. मला वाईट वाटतंय, पण दुसरं कोण?"

"ही कार्डं ज्या कागदावरून भोकं पाडून घेतली, तो कागद कुठंय?"

गुरुलिंगनं मान हलवली. फायलीतला तो कागद नेमका नाहीसा झाला होता.

३

सकू, म्हणजे हजेरीपटावरची सखूबाई, पलीकडच्या गरम खोलीत कार्डांना भोकं पाडायच्या पंचिंग मशीनवर बसली होती. वय तिशीच्या आत-बाहेर, मूळची नातेपुत्याची. नवरा खोकल्यानं वर्षभर घरी बसून होता आणि घर तिच्या दहा बोटांवर चाललं होतं. नलवडे समोर येऊन बसले तरी तिनं हातातलं कार्ड पुरं केलं.

"ही कार्डं तुम्ही केली?"

"केली असतील की. हितं दुसरं कोन करतंय?"

"कुणी दिला होता कागद?"

"कागद ट्रेमधी येऊन पडत्यात, साहेब. मी दिवसाला हजार कार्डं ठोकते. वाचत न्हाय. कागदावर जे अक्षर असंल ते बटन दाबायचं. वाचत बसले तर हात थांबतो."

"यावर तुमचं नाव आहे."

तिनं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "कुटं हाय?"

सातवी शिकलेली बाई. एबीसीडी तिला ओळखता येत होती, पण ती बटणांची खूण म्हणून. चार अक्षरं जोडून एक नाव होतं, आणि ते आपलं असू शकतं, हे तिच्या गावीही नव्हतं. ती कार्डाकडे बघत राहिली आणि मग तिचे डोळे भरले. नलवड्यांना फार थकल्यासारखं झालं. ही बाई खरं बोलते आहे हे त्यांना कळत होतं, पण रिपोर्टात 'मला कळत होतं' असं लिहिता येत नाही.

"नणंदेच्या पोरीचं काय?"

"भांडण हाय, व्हय. पन पोरगी नर्स व्हनार म्हणून मीच नारळ बोललेवते," ती म्हणाली. "पोरीशी कशाचं भांडण?"

दाराशी शरणप्पा उभे होते. मशीनखोलीचे सुपरवायझर, पंचावन्नच्या पुढचे, कपाळावर भस्माचे पट्टे. टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी लिहिण्यात सत्तावीस वर्षं काढून इथं आलेले. सकू त्यांना मामा म्हणायची. त्यांनी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला होता.

"पोरगी तशी न्हाय, साहेब," ते म्हणाले आणि तांब्या तिच्यापुढं ठेवून आपल्या टेबलाकडे वळले.

नलवडे त्यांच्या टेबलाशी गेले. टेबल असं की कंजूष वाण्याला शोभावं. छापून वाया गेलेले कागद नीट कापून, पाठकोऱ्या बाजूच्या वह्या शिवलेल्या. त्या वर्षी कागद मिळत नव्हता, शाळांच्या वह्यांची बोंब होती, आणि गुरुलिंगसारखी पोरं चाचणीसाठी रीमच्या रीम उधळतात याचा शरणप्पांना मनापासून ताप होता. वह्यांशेजारी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक होतं.

"हे काय?"

"पोथी हाय," शरणप्पा म्हणाले आणि ती ड्रॉवरमध्ये ठेवली.

ठेवता ठेवता पोथीतून पेन्सिल खाली पडली. पोथीत कुणी पेन्सिल ठेवत नाही. पण नलवड्यांच्या पोटात तेव्हा भूक होती आणि डोक्यात सकू, म्हणून त्यांनी ती नुसती उचलून परत दिली.

४

गिरणीमागच्या गल्लीत नागव्वाची खानावळ होती. पाटावर बसायचं, ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि नागव्वा आमटीची पळी घेऊन फिरत राहायची. नलवडे करमाळ्याचे, नोकरी सगळी पुण्याकडं झालेली. तीन घास झाले की त्यांचं 'पुरे, पुरे' सुरू व्हायचं. काल, गुरुवारी, आल्यापासून नागव्वा त्यांची थट्टा करत होती.

"हितं पुरे म्हनून कोन थांबत न्हाय, साहेब," ती म्हणाली आणि आणखी एक भाकरी टाकून गेली.

ते भाकरीकडे बघत विचार करत होते. सकूनं एका मुलीवर डूख धरला असता, तर एक मुलगी गेली असती. त्यांनी सकाळीच मंडळाकडचे अर्ज नंबरवार लावून पाहिले होते. चाळीस नावं सलग आली होती, मधली एकही लायक मुलगी सुटली नव्हती. चाळिसाव्यानंतर मात्र सगळ्या गेल्या. नणंदेची गेली, चन्नम्मा गेली, ज्यांचं सकूनं नावही ऐकलं नसेल त्याही गेल्या. इथं कुणाला वगळलेलंच नाही, हे त्यांना आता दिसलं. इथं फक्त कुणी तरी थांबलं होतं.

मग गुरुलिंगचं वाक्य आठवलं. नाव असतं ते माणसाला कळावं म्हणून. त्याची स्वतःची नावं तशीच होती. वाचायच्या जागेला वाचन, छापायच्या जागेला छपाई. जागेचं काम तेच तिचं नाव. आणि त्या चार अक्षरांच्या जागेवर काय होतं? तिथून पुढं काम बंद. थांबायच्या जागेला कुणी बाईचं नाव कशाला देईल?

शेजारच्या पाटावर एक अक्कलकोटचा म्हातारा जेवत होता. नागव्वाची पळी त्याच्या ताटावर आली तसा त्यानं हात आडवा धरला आणि एकच शब्द बोलला. पळी तिथल्या तिथं थांबली.

"काय म्हणाले हे?" नलवड्यांनी विचारलं.

"साकू म्हनले," नागव्वा हसली. "कानडीत पुरे. तुमी बी साकू म्हणा की, मी थांबते."

एस, ए, के, यू. इंग्रजीला ना ऱ्हस्व कळतं ना दीर्घ. मराठी माणसानं सकू वाचलं, कारण त्या नावाची एक बाई दहा फुटांवर बसली होती. लिहिणाऱ्यानं मात्र लिहिलं होतं, पुरे.

म्हणजे लिहिणाऱ्याच्या घरात कानडी होती. आणि त्या थंड खोलीत कानडी घरातली माणसं दोन होती, गुरुलिंग आणि शरणप्पा.

५

शनिवारी सकाळी नलवड्यांनी सगळ्यांना मशीनखोलीत बोलावलं. हिंदुराव तयार रिपोर्ट घेऊन आले होते, सहीच्या जागी फुली मारलेली. सकू दाराशी उभी होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला.

"मला अजून नीट वाचता येत नाही," नलवडे म्हणाले. "तुम्ही तिघं मला तेवढी एक ओळ मोठ्यानं वाचून दाखवा. बस्स, मग मी सही करतो."

आधी सकू. तिनं कार्डावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर सुटं वाचलं. "आय. येफ." असं करत करत ती शेवटाला आली. "येस. ये. के. यू." तिच्या तोंडी त्याचा शब्द झालाच नाही.

मग गुरुलिंग. "इफ लाइन-काउंट इक्वल टू फॉर्टी, गो टू सकू." त्यानं सकूकडे न बघता वाचलं. त्याच्या घरीही कानडीच बोलत असत. पण त्यानं स्वतःच जे सांगून टाकलं होतं, तेच त्याला त्या कार्डावर दिसत होतं.

शरणप्पांनी चष्मा पुसला. दोनदा पुसला. त्यांनी ओळ पाठ असल्यासारखी वाचली, कार्डाकडे जवळजवळ न बघता.

"इफ लाइन-काउंट इक्वल टू फॉर्टी, गो टू साकू."

गुरुलिंगनं मान वर केली आणि शरणप्पांकडे बघितलं. त्यानं तो शब्द लहानपणी रोज ऐकला होता, आईच्या हातच्या ताटावर.

"साकू," तो स्वतःशीच म्हणाला. "पुरे."

"शरणप्पा," नलवडे म्हणाले, "छापलेल्या एका पानावर ओळी किती मावतात?"

"चाळीस."

"आणि ड्रॉवरमधली पोथी?"

शरणप्पांनी ड्रॉवर उघडून पुस्तक टेबलावर ठेवलं. वर्तमानपत्राचं कव्हर काढलं. कोबॉल, म्हणजे मशीनला हुकूम लिहायची भाषा, शिकणाऱ्यांसाठीचं इंग्रजी पुस्तक होतं ते, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा, कठीण शब्दांवर कानडीत अर्थ लिहिलेला.

"आठ म्हयनं झालं वाचतोय," ते खाली बघत म्हणाले. "टाइम ऑफिस बंद झालं, मला हितं टाकलं. ही पुन्याची पोरं बोलत्यात, मला कळत न्हाय. उद्या म्हनतील, म्हाताऱ्याचं काय काम हितं. म्हणून चोरून शिकलो. चाचणीला हा पोरगा वीस-वीस पानं काढायचा. मी म्हटलं, एक पान झालं की पुरे. ट्रेमधी कागद टाकला, पोरीनं कार्डं करून दिली, मी गठ्ठ्यात लावली. आणि मशीन थांबलं, साहेब. बरोबर चाळीसला. माझ्या सांगण्यावरून थांबलं."

बोलताना क्षणभर त्यांचा चेहरा उजळला होता. मग तो उजेड गेला.

"काढायची होती कार्डं. त्याच दुपारी घरून निरोप आला, बायकोला दवाखान्यात नेलं म्हणून. चार दिवस मंगळवेढ्याला होतो. आलो तोवर खरी यादी छापून गेलीवती."

"मंगळवेढ्याला," नलवडे म्हणाले. त्यांनी खिशातलं पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलं. शरणप्पांनी ते वाचलं आणि पालथं घातलं.

"आणि कागद?"

"मी फाडला. सकूचं नाव निघालं त्या दिवशी."

आता मात्र सकू पुढं आली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं नलवड्यांना नंतर वाटत राहिलं.

"मामा, चूक हुते," ती म्हणाली. "पन तीन दिस तुमी मला पानी आनून देत हुता. तवा का न्हाय बोलला?"

एकतीस वर्षांत नलवड्यांनी हा प्रश्न पुष्कळांना पुष्कळ प्रकारे विचारला होता आणि त्याचं उत्तर एकाकडूनही आलं नव्हतं.

६

गुरुलिंगनं दोन्ही कार्डं काढून गठ्ठा पुन्हा मशीनला दिला. छपाई धडधडत सुरू झाली. पहिलं पान सरलं आणि मशीन न थांबता दुसऱ्या पानावर गेलं. दुसऱ्या पानाची पहिलीच ओळ होती, बिराजदार चन्नम्मा सिद्धप्पा, पाचशे एकोणीस. एका ओळीनं राहिली होती पोरगी. एकूण नावं अठ्ठावन्न झाली.

"मग दोनच जागा उरल्या की," हिंदुराव म्हणाले आणि टाचणी लावलेल्या चिठ्ठ्या बॅगेत घालून निघून गेले. नलवड्यांनी अठरा मुलींना तारा करायला सांगितलं. सोमवार गाठायचा होता.

मग त्यांनी हिंदुरावांचा रिपोर्ट फाडला आणि नवा लिहायला घेतला. शरणप्पांची चूक ही चूक होती, ती त्यांनी एका ओळीत लिहिली. कागद फाडून दुसऱ्यावर आळ राहू दिला, हे दोन ओळींत लिहिलं. नोकरी जाईल की राहील हे गिरणी ठरवणार होती, आणि राहील असं त्यांना वाटत नव्हतं. शरणप्पा समोर हात बांधून उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, तेही नलवड्यांना नाही, गुरुलिंगला.

"ओळ बरोबर होती का रे?"

"बरोबर होती, काका. एकसुद्धा चूक नव्हती तिच्यात."

शरणप्पांनी मान हलवली आणि वह्या आवरायला घेतल्या.

सकूनं ते कार्ड मागितलं. नलवडे म्हणाले, पुरावा आहे, देता येणार नाही. गुरुलिंग समजावू लागला की मशीनला नावाचं काही नसतं, तिथं काहीही लिहिलेलं चालतं.

"मशीनीला नसंल," सकू म्हणाली. "मला हाय. तीन दिस शेजारनी माज्या पोरांकडं बघंनात."

मग नलवड्यांनी पाठकोऱ्या वहीचं एक पान मागून घेतलं. त्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं की गठ्ठ्यात सापडलेला शब्द 'साकू' असा आहे, त्याचा अर्थ 'पुरे' असा होतो, आणि त्याचा सखूबाईंशी काहीही संबंध नाही. खाली सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. सकूनं ते सावकाश, एकेक शब्द जोडून, शेवटपर्यंत वाचलं. शरणप्पा वही हातात धरून तिचं वाचणं संपायची वाट बघत उभे राहिले. तिनं कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि त्यांच्याकडे न बघता पंचिंगच्या खोलीत निघून गेली. थोड्या वेळानं तिकडून बटणांचा आवाज सुरू झाला.